मायक्रॉनराव

पुण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या सोसायटीत असे एक गृहस्थ असतातच. ते स्वतःच्या गाडीकडे सरळ बघत नाहीत, वाकून बघतात. एक डोळा बारीक करून, गाल बॉनेटच्या पातळीवर आणून, भर दुपारी हातात टॉर्च धरून बघतात. नवा वॉचमन पहिल्या आठवड्यात एकदा तरी हटकतो, "काका, काही हरवलं का?" त्यावर "हरवलं नाही, सापडलं," असं उत्तर देऊन ते पुन्हा वाकतात.

आमच्याकडे त्यांना मायक्रॉनराव म्हणतात, अर्थात पाठीमागे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बाकीच्यांचं फूट, इंच, फार तर सुतावर भागतं. मायक्रॉनरावांच्या संसारात इंच फक्त टीव्हीपुरता आहे.

गाडी काळी. शोरूममधल्या मुलानं, मेव्हण्यानं, खुद्द वहिनींनी 'पांढरी घ्या' म्हणून सांगितलं होतं. पांढऱ्यावर चरे दिसत नाहीत. पण चरे दिसणारच नसतील तर गाडी घेऊन करायचं काय, असा प्रश्न त्यांना पडला असावा.

हे चरे म्हणजे कुणी खोडसाळपणे किल्लीनं मारलेला ओरखडा नव्हे. तो काय, आंधळ्यालाही बोटानं कळतो. हे स्वर्ल मार्क. सावलीत गाडी लख्ख दिसते आणि उन्हात आणली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा उमटतात. गंमत म्हणजे त्या बहुतेक गोल नसतातच. वेड्यावाकड्या, सगळ्या दिशांना गेलेल्या असतात. त्यातल्या ज्या उजेडाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात आणि दिव्याभोवती वर्तुळं भासतात. आपण सरकलो की जाळंही आपल्याबरोबर सरकतं. हे शास्त्र मायक्रॉनरावांनी एकदा जेवताना वहिनींना समजावून सांगितलं. वहिनींनी समोरचं रिकामं स्टीलचं ताट उचललं, बल्बखाली तिरकं धरलं आणि विचारलं, "अहो, मग हे काय?" तेव्हापासून ते काचेच्या प्लेटमध्ये जेवतात. भांडी घासणाऱ्या मावशींना मायक्रोफायबरचे कपडे आणून द्यावेत, अशी सूचनाही त्यांनी मांडली होती. ती मावशींपर्यंत पोचू दिली गेली नाही.

चऱ्यांचा कर्ता कोण, याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही. पहाटे गाड्या पुसायला येणारा मुलगा. एक बादली, एक फडकं आणि वीसेक गाड्या. पहिल्या गाडीची माती दुसरीला, दुसरीची तिसरीला, असा त्याचा समतावादी कारभार. (आरोप खोटा नाही. धुळीच्या कणांवरून कोरडं किंवा मळकं फडकं फिरवणं हेच या चऱ्यांचं मुख्य कारण असतं.) मायक्रॉनरावांनी त्याला दोन बादल्यांची पद्धत शिकवायला घेतली. एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. कपडा आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत एका गाडीला दोन बादल्या, हे ऐकून सेक्रेटरींनी नोटीस बोर्डाची किल्ली शोधली. मुलानं ती गाडीच सोडून दिली. त्याचे महिन्याचे पैसे मात्र चालू आहेत. ते हात न लावण्याचे.

दसऱ्याला त्यांचा जीव टांगणीला लागतो. झेंडूचा हार चालेल, पण तो दरवाजापर्यंत लोंबकळता कामा नये. कुंकवाचं स्वस्तिक काढायचं ते काचेवर. एका दसऱ्याला सासूबाईंनी भक्तिभावानं ओलं बोट थेट बॉनेटवर टेकवलं. "आई, दाबू नका!" हा उद्गार तिसऱ्या मजल्यावर ऐकू आला आणि लोकांनी त्याचे भलते अर्थ लावले.

दुखणं मुळात वडिलोपार्जित आहे. वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. तेव्हा रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. उन्हानं रंग विटला की वडील रबिंग कंपाउंडचा डबा उघडून सकाळभर घासत. फडक्याला रंग लागे आणि खालून ताजा रंग निघे. किती घासलं ते फडकंच सांगे. आता रंगावर क्लिअर कोट असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे मायक्रॉनरावांच्या डोक्यावर उरलेल्या केसांपेक्षाही पातळ. तो घासला तरी फडक्याला रंग लागत नाही. काय गेलं, किती गेलं, कुणी सांगत नाही. हे सगळं त्यांना पाठ आहे. हात मात्र वडिलांचे आहेत.

त्यामुळे खरी झटापट होते ती बाटली निवडताना. या विद्येचा पहिला नियम असा की, सुरुवात सौम्य उपायापासून. बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन चिकटपट्टीनं आखायचा, मऊ फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश घ्यायचं, तेवढ्याच भागावर मशीन फिरवायचं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून बघायचं, कारण पॉलिशमधली तेलं चऱ्यांत बसून त्यांना झाकतात आणि दोन धुण्यांत बिंग फुटतं. भागलं नाही तर आधी पॅड बदलायचा, पॉलिश नंतर. मायक्रॉनराव हा नियम लिफ्टमध्ये सापडेल त्याला सांगतात. चौथ्या मजल्यापर्यंत पॅड संपतात, सातव्याला कंपाउंड येतं. दहाव्या मजल्यावरचे लोक आता जिन्यानं जातात.

नियम पाळायची वेळ आली की मात्र कपाट उघडतं. या कपाटात पूर्वी वहिनींच्या पैठण्या असत. आता बाटल्या आहेत, सौम्यापासून जहालापर्यंत ओळीनं. जर्मनीची मेन्झेर्ना, अमेरिकेची मॅग्वायर्स. ही मॅग्वायर्स १९०१ साली फर्निचरच्या पॉलिशपासून सुरू झाली, हे पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकावं लागतं.

गेल्या दिवाळीच्या आधीचा रविवार. बारीक पॉलिशनं चौकोनातले दहातले सात चरे गेले. दुसरा कुणी समाधानानं पोहे खायला वर गेला असता. पण सात गेल्यामुळे उरलेले तीन जास्तच ठसठशीत दिसायला लागले. आधी ते गर्दीत होते, आता मंचावर आले. मायक्रॉनराव थोडा वेळ टॉर्च घेऊन त्यांच्याभोवती फिरले आणि पुटपुटले, "जरा कट वाढवायला हवा." हे वाक्य कानावर पडताच वहिनींनी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे आत ओढले. मशीनमधून उडणाऱ्या कंपाउंडच्या शिंतोड्यांचा त्यांना अनुभव आहे.

एकच गोष्ट बदलायची होती. त्यांनी पॅड बदलला, लोकरीचा लावला. पॉलिश बदललं, ओळीतलं शेवटचं घेतलं. मशीनही बदललं, डीए ठेवून रोटरी काढली. डीए मशीनचा पॅड फिरता फिरता हेलकावेही खातो, म्हणून एका जागी फार तापत नाही. रोटरी एकाच आसाभोवती गरगरते आणि बॉनेटच्या कडेवर क्षणभर रेंगाळली तर क्लिअर कोट जाळून खालच्या रंगापर्यंत पोचते. दीड तास घरघर चालली. चरे गेले, तीनही गेले. त्यांच्या जागी होलोग्राम आले, म्हणजे खुद्द मशीननं काढलेल्या, उन्हात हलणाऱ्या धूसर पट्ट्या. त्या काढायला मधली बाटली. मधल्या बाटलीनं ठेवलेली किंचित धुरकट छटा काढायला बारीक पॉलिश, तेच सकाळचं. ज्या बाटलीपासून निघाले तिथे संध्याकाळी पोचले, आणि वाटखर्चात काही मायक्रॉन गेले.

ते मोजायला त्यांच्याकडे गेज आहे. हे खिशातलं यंत्र पत्र्यावर टेकवलं की वरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं. कारखान्यातून आलेल्या रंगाची साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. या यंत्रानं सोसायटीतला सलोखा बराच पातळ केला आहे. बी विंगमधल्या एका सद्गृहस्थांनी मोठ्या हौसेनं जुनी गाडी आणली, एकहाती वापरलेली, अपघात नाही, मालक डॉक्टर. पेढे वाटणं चालू असताना मायक्रॉनरावांनी सहज म्हणून मागच्या दारावर गेज टेकवला आणि आकडा मोठ्यानं वाचला, "चारशे वीस." खाली पुट्टी होती. सद्गृहस्थांनी पेढ्याचा बॉक्स मिटला. राग डॉक्टरवर यायला हवा होता, तो मायक्रॉनरावांवर आला, आणि अजून आहे.

त्या रविवारनंतर त्यांच्या स्वतःच्या बॉनेटचा आकडा असा काही खाली आला, की त्यांनी तो घरीसुद्धा सांगितला नाही. पुढची पायरी म्हणजे पीपीएफ, गाडीवर चढवायची पारदर्शक फिल्म. खर्च ऐकून वहिनींनी पैठण्यांचा विषय काढला, पण फिल्म चढली. चांगल्या फिल्मवरचे हलके चरे उष्णतेनं आपोआप भरून येतात. त्यामुळे इतकी वर्षं सावली शोधणारे मायक्रॉनराव आता एप्रिलच्या उन्हात गाडी मुद्दाम उघड्यावर लावतात आणि चहाच्या किटलीतून बॉनेटवर गरम पाणी सोडताना दिसतात. चरे भरून येतात. हाताला काम मात्र उरलेलं नाही.

कपाटात ती शेवटची बाटली अर्धी शिल्लक आहे. परवा पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी थांबून त्यांनी मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला आणि अत्यंत आपुलकीनं विचारलं, "रविवारी मोकळे आहात ना?" मी एकटा नाही. हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारून झाला आहे. हल्ली रविवारी सकाळी खालून मशीनचा आवाज यायच्या आत बी विंगमधल्या निम्म्या गाड्या मंडईत भाजी आणायला निघून जातात.