सच्छिद्र खिडकीची मीमांसा

शहर बसच्या अंगावर जाहिरात असावी की नसावी, हा वाद आता इतिहासजमा झाला असून, जाहिरातीने पत्रा आणि दरवाजे काबीज करून खिडकीची काचही व्यापल्यामुळे अभ्यासकांना यापुढे केवळ भोकाचा विचार करणे भाग आहे. भोक म्हणजे काचेवर चिकटवण्याच्या विनाइल फिल्मला पाडलेले जेमतेम दीड मिलिमीटर व्यासाचे छिद्र. या फिल्मची बाहेरची बाजू चित्र छापण्यासाठी पांढरी व आतली काळी असल्याने रस्त्यावरच्याला सलग चित्र दिसते आणि आतल्या प्रवाशाला, तत्त्वतः, जग दिसते. हे तत्त्व उन्हात टिकते. पावसात भोके पाण्याने भरतात, रात्री आत दिवे लागले की बाहेरचे काहीच दिसत नाही, आणि आपला थांबा आला की गेला हे पाठीत बसणाऱ्या कोपरांवरून ताडावे लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील 100 व्या नियमाने बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जावा असे सांगितले. निम्मी भोके व निम्मे चित्र अशी फिल्म निर्मळ काचेवर लावली, तरी काच स्वतःही थोडा प्रकाश गिळत असल्याने हिशेब पन्नाशीच्या आतच राहतो. परंतु मोटारवाल्याने काच काळी केली की तो गुन्हा आणि बसच्या काचेवर गृहसंकुल चिकटवले की तो महसूल, हा भेद प्रशासनशास्त्रात सर्वमान्य आहे.

खरी शास्त्रीय अडचण सरकत्या काचेची आहे, कारण प्रवाशाने वाऱ्यासाठी काच सरकवताच संकुलाची गच्ची तरणतलावात जाते, शेजारच्या खिडकीत हसणाऱ्या गृहिणीचे नाक तिच्याच कानामागे दडते, आणि ज्याने जाहिरातीचे पैसे भरले त्याचा माल तिकीट काढून बसलेल्या माणसाच्या घामामुळे नासतो. मग कुणाची गैरसोय मोठी? उत्तर उघड आहे, कारण ती जाहिरात बसमध्ये कधीही न चढणाऱ्या, सिग्नलला शेजारी थांबलेल्या मोटारीतील गृहस्थासाठी आहे; आतली साठ-सत्तर माणसे त्या चित्राला टेकू म्हणून उभी केलेली आहेत, आणि त्यांना हवा असलेला मार्गफलक वीतभर जागेत कोंबला गेला याचे कुणालाही काडीचे सोयरसुतक नाही.

फिल्मची आतली काळी बाजू मात्र अजून कोरी असून, तिच्यावर बाहेरचा देखावा छापून देण्याची निविदा अद्याप निघालेली नाही.