फायलीला हात कोणी लावला?

मी 31 वर्षं सरकारी खात्यात आवक-जावक सांभाळली. रुजू झालो त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या अण्णांनी पानाला चुना लावता लावता एकच धडा दिला होता : "बाळ, फाईल समोरून जात असेल तर जाऊ दे. हात लावलास की ती तुझी." अण्णा सन्मानाने निवृत्त झाले. सेवापुस्तकात एकही प्रतिकूल शेरा नाही. असणार कसा? शेरा मारायला आधी काही काम केलेलं लागतं.

या अण्णांचा फुटबॉलच्या नियम क्रमांक 11 शी, म्हणजे ऑफसाइडशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो कळला मिलानच्या सान सिरो मैदानावर, 10 ऑक्टोबर 2021 च्या नेशन्स लीग फायनलमध्ये. स्पेन विरुद्ध फ्रान्स, 1-1 अशी बरोबरी, 80वं मिनिट. फ्रान्सच्या तेओ एर्नांदेझने एम्बाप्पेकडे चेंडू सरकवला. एम्बाप्पे ऑफसाइड उभा, म्हणजे स्पेनच्या बचावफळीच्या पलीकडे. मध्ये स्पेनचा बचावपटू एरिक गार्सिया. त्याने काय करावं? बिचाऱ्याने काम केलं! घसरत पाय लांबवला, बुटाचं टोक चेंडूला जेमतेम लागलं, आणि चेंडू जायचा तिकडेच गेला. एम्बाप्पेने गोलकीपरला झुलवून गोल मारला. व्हीएआरवाल्यांनी, म्हणजे पडद्यावर बघणाऱ्या पंचांनी, तपासलं, रेफ्री अँथनी टेलर यांनी गोल कायम ठेवला. कारण गार्सियाने चेंडू 'हेतुपुरस्सर' खेळला होता. त्याचा बूट लागला आणि एम्बाप्पेचं ऑफसाइडपण गंगेत डुबकी मारल्यासारखं धुऊन निघालं. फ्रान्स 2-1 ने जिंकला.

आणि गार्सिया हाताची घडी घालून उभा राहिला असता तर? एम्बाप्पेकडे चेंडू गेला असता, झेंडा वर झाला असता, गोल रद्द, वर स्पेनला फ्री किक. अण्णा वेगळं काय सांगत होते?

'हेतुपुरस्सर' हा शब्द आमच्या खात्यात फक्त दुसऱ्याच्या मेमोत वापरायची पद्धत आहे. फुटबॉलमध्ये तो रेफ्रीच्या शिट्टीत बसवलाय. बचावपटूने जाणूनबुजून चेंडू खेळला तर ऑफसाइड माफ. चेंडू नुसता आदळून वळला तर माफी नाही. गोल वाचवायला अडवला असेल तरीही नाही. म्हणजे पाय चेंडूकडे गेला की चेंडूच पायावर येऊन आपटला, हे ठरवायचं. ते कळायला बचावपटूच्या मनात शिरावं लागतं. आमच्याकडे यासाठी चौकशी समिती नेमतात आणि ती तीनदा मुदतवाढ घेते.

4 फेब्रुवारी 2018 ला अ‍ॅनफील्डवर तशी समिती मैदानातच भरली होती. लिव्हरपूलच्या लोव्हरेनने चेंडू बाहेर फटकावायला पाय फिरवला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! चेंडू निसटता लागून मागे ऑफसाइड उभ्या असलेल्या, प्रतिस्पर्धी संघाच्या हॅरी केनकडे गेला, गोलकीपरने केनला पाडलं. पेनल्टी की ऑफसाइड? रेफ्री जॉन मॉस आणि त्यांचे सहायक चर्चेला उभे राहिले. लोव्हरेनचा पाय लागला की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, असं मॉससाहेब बोलून गेले. चौथ्या पंचाला त्यांनी टीव्हीवर काही दिसतंय का असंही विचारलं, आणि इंग्लंडच्या लीगमध्ये तेव्हा व्हीएआर नव्हतंच. पुढे खुलासा आला की साहेब चुकून बोलले. पेनल्टी मात्र दिली. केनने मारली, गोलकीपरने अडवली. समितीपेक्षा त्यानेच प्रकरण लवकर निकाली काढलं.

तीन वर्षांनी, जानेवारी 2021 मध्ये, मँचेस्टर सिटी आणि अ‍ॅस्टन व्हिला. रेफ्री? पुन्हा मॉससाहेब. व्हिलाच्या मिंग्जने चेंडू छातीवर घेतला. ऑफसाइडमधून परत येणाऱ्या रॉड्रीने तो मागून काढून घेतला, बर्नार्डो सिल्वाला दिला, गोल! मिंग्जने छाती लावली ना, मग रॉड्री निर्दोष. नाताळात तुम्हाला सर्कशीतले झेलायचे चेंडू भेट मिळाले होते का, असं व्हिलाच्या मॅनेजरने चौथ्या पंचाला विचारलं, आणि त्याला लाल कार्ड मिळालं. त्या सामन्यात सगळ्यात कमी वेळात झालेला निर्णय हाच असावा. नियम चुकल्यासारखा वाटतोय, हे नियमवाल्यांच्या लक्षात यायला आणखी काही दिवस लागले.

मग जुलै 2022 मध्ये वरातीमागून घोडं आलं, म्हणजे 'हेतुपुरस्सर' कसं ओळखायचं याचं परिपत्रक निघालं. चेंडू लांबून आला का? खेळाडूला तो नीट दिसत होता का? फार वेगात होता का? दिशा अनपेक्षित होती का? अंग सावरायला वेळ मिळाला का? जमिनीवरून आला की हवेतून? खरं सांगायचं तर परिपत्रक वाईट नाही. आमच्या खात्यातली मी वाचली आहेत, त्या मानाने हे वेदवाक्य. त्यातल्या कसोट्या लावल्या तर गार्सिया सुटतो आणि एम्बाप्पे अडकतो, असं माझं मत.

पण या कसोट्या लावायच्या कुठे? पडद्यावर, संथ गतीत. मैदानावरचा अर्धा सेकंद तिथे रबरासारखा ताणला जातो. त्यात घसरणारा गार्सिया असा दिसतो, की याने आधी मोजे सारखे केले, घोटभर चहा घेतला, आणि मग विचारपूर्वक पाय पुढे केला. इतक्या संथ गतीत पाहिलं तर शिंकही हेतुपुरस्सर वाटेल. तेव्हा पंचसाहेब, एक अर्ज आहे. पाय लागला की नाही ते हवं तितकं हळू बघा. वेळ मिळाला की नाही ते मात्र खऱ्या वेगात बघा.

गार्सिया त्या रात्री 20 वर्षांचा होता. नोकरीत नवा.