श्वानशिक्षणाचा लातूर पॅटर्न : नवपालकांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन. आपला पाल्य निवासी प्रशिक्षण संपवून घरी आला आहे. जाताना त्यानं गाडीच्या सीटचं कव्हर फाडलं होतं आणि घरातल्यांनी डोळे पुसले होते. आता तो प्रशिक्षकाच्या डाव्या पायाला धरून चालतो, बस म्हटलं की बसतो, ताटली समोर ठेवली तरी परवानगीची वाट बघतो. प्रशिक्षकानं हे सगळं करून दाखवलं, आपण मोबाइलवर काढून घेतलं, उरलेले पैसे दिले आणि निघालात. इथून पुढे जे बिघडायचं ते प्रत्येक घरात बिघडतंच. ते निदान ठरलेल्या क्रमानं आणि समजून-उमजून बिघडावं, एवढ्यासाठी ही मार्गदर्शिका.

पॅटर्न म्हणजे काय

निवासी शिक्षण काय असतं हे लातूर-नांदेडच्या वाचकाला सांगायला नको. दहावी झालेली पोरं कुठून कुठून येतात, खोली करतात, मेस लावतात. आईबाप गावी परत जाताना म्हणतात, लातूरला टाकलंय, आता काळजी नाही. पण राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या आणि प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या नावानं जो पॅटर्न गाजला, त्याचं गुपित खोलीत नव्हतं की मेसमध्ये नव्हतं. ते सराव परीक्षांत होतं. पेपर सोडवा, तपासून घ्या, चुकलेलं परत सोडवा, पुन्हा पेपर. दिवाळीला घरी आलेल्या पोरानं वहीच उघडली नाही, तर त्याचे गुण पुढच्या पेपरात दिसतात. कुत्र्याचंही तसंच असतं. फरक इतकाच, की पोराला सुट्टी संपली की लातूरला परतायचं असतं. कुत्रा कायमचा दिवाळीच्या सुट्टीवर आलेला असतो.

त्यात कुत्र्याला जे येतं ते जागेसकट येतं. गावाबाहेरच्या शेडमध्ये, प्रशिक्षकाच्या आवाजात, त्याच्या कमरेच्या पिशवीतल्या खाऊकडे बघत शिकलेलं 'सिट' आपल्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर लागू होतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. नवपालक दुसऱ्याच दिवशी म्हणतात, विसरला की हो सगळं. विसरलेला नसतो. त्याच्या लेखी हा वेगळाच धडा असतो, आणि तो अजून कुणी घेतलेला नसतो. तेव्हा दिवाणखान्यात एकदा, ओट्याजवळ एकदा, फाटकापाशी, गच्चीवर, मग गल्लीत, असं पहिल्या इयत्तेपासून सुरू करा. या वेळी तो भराभर वर चढतो. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. रविवारी सलग एक तास घेणाऱ्यांना सोमवारी काहीच शिल्लक सापडत नाही.

अर्थात पहिल्या दिवशी हे कुणी करत नाही. पहिल्या दिवशी स्वागत असतं. फाटकात ओवाळणं होतं, पुण्याच्या आत्याला व्हिडिओ कॉल होतो, सोफ्यावर हक्काची जागा मिळते आणि आजी म्हणतात, "लेकरू वाळलंय माय!" केंद्रावर त्याचं वजन वाढलेलं असलं तरी तो वाळलेलाच दिसतो. शास्त्र सांगतं की पहिले दोन-तीन दिवस जमेल तितके कंटाळवाणे ठेवा: केंद्रावरच्याच जेवणाच्या वेळा, बसायची एकच जागा, आणि घरात कुणी सोबत असेल तोवर गळ्यात दोरी. कुठले नियम इथं चालतात आणि कुठले तिकडेच राहिले, याचा तपास तो याच दिवसांत करत असतो. आपण ओवाळत असता तेव्हा त्याचं बारीक लक्ष असतं.

दोरीचं दुसरं टोक

पुण्याला शिवाजीनगरात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. पोलिसांचे कुत्रे तिथं तयार होतात. पण तिथं कुत्रा एकटा शिकत नाही. त्याचे हस्तकही त्याच्याबरोबर शिकतात, आणि जिल्ह्यात परतल्यावर रोजचा सरावही तेच घेतात. आपल्या शेजारच्या बीड पोलिसांचा रॉकी 2020 साली गेला, तेव्हा त्याला सन्मानानं निरोप देण्यात आला. 300 हून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याची मदत झाली होती, आणि त्या ऑगस्टच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्याचं नाव घेतलं. रॉकीचं कौतुक सगळ्यांनी केलं. दोरी धरून रोज पहाटे मैदानात उभ्या राहणाऱ्या माणसाकडे मात्र फारसं कुणी बघितलं नाही.

घरगुती शिबिरात दोरीचं ते दुसरं टोक प्रशिक्षकाच्याच हातात राहतं. म्हणून ताबा घेताना मोबाइल त्यांच्याकडे द्या आणि दोरी आपल्याकडे घ्या. व्हिडिओ आपला निघू द्या. फजिती होईल, कुत्रा आपल्याकडे न बघता प्रशिक्षकाकडे बघेल. होऊ द्या, ती तिथंच झालेली बरी. कोणता शब्द, कोणता हात, खाऊ कोणता आणि किती, पट्टा कसला, शी-शूच्या वेळा कुठल्या, हे लिहून घ्या. प्रशिक्षक म्हणतील, "सर, कायबी टेन्शन घेऊ नका, पूर्ण तयार हाय." असं ऐकलं की पुढ्यातली खुर्ची ओढून निवांत बसा. दाखवल्याशिवाय उठू नका. आणि शिस्तीच्या नावाखाली मारझोड होते असं दिसलं, तर दोरीसकट कुत्रा घेऊन या. मारून शिकलेला कुत्रा मारणारा समोर असेपर्यंतच शहाणा असतो.

घरात शब्द एकच ठेवायचा, हे सगळ्यांना पटतं आणि कुणी पाळत नाही. केंद्रावर 'डाऊन' म्हणजे पोट जमिनीला टेकवणं. घरी अंगावर उडी मारली की सगळे 'डाऊन, डाऊन' ओरडतात. आबा म्हणतात 'बैस', वहिनी म्हणतात 'खाली बस बाळा', आणि धाकटा म्हणतो, 'ए, बसायलास का नाही?' चार माणसांचे चार पेपर एकाच वेळी सोडवायला दिल्यासारखं कुत्रं गोंधळतं आणि उठून कूलरसमोर जाऊन पडतं. फ्रिजच्या दारावर पाच शब्द लिहून चिकटवा, आणि शब्द एकदाच उच्चारा. 'सिट सिट सिट सिट' असं म्हणणाऱ्या घरात कुत्रा चौथ्या सिटला बसायला शिकतो. पहिले तीन त्याला प्रस्तावना वाटतात.

खुराक

या प्रकरणात घरातल्या ज्येष्ठांचा अपमान करण्याचा हेतू नाही. पण श्वानशिक्षण जिथं बुडतं ती जागा ओट्यापासून चार हातांवर, आजींच्या पाटाशेजारी आहे.

रशियाच्या पाव्हलव यांना 1904 साली नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी. तो अभ्यास करतानाच त्यांच्या लक्षात आलं, की खाणं आणणाऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज आला तरी कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. पाव्हलव मराठवाड्यात असते तर त्यांना प्रयोगशाळा लागली नसती. परातीत ज्वारीची भाकरी थापायचा आवाज सुरू झाला, की गच्चीवर झोपलेला टायगर तीन ढांगांत खाली येतो.

पुढचं काम अमेरिकेतल्या स्किनर यांनी केलं. त्यांचा निष्कर्ष असा, की ज्या वागण्याला दरवेळी बक्षीस मिळतं ते बक्षीस थांबलं की लवकर थांबतं; ज्याला कधी मिळतं, कधी मिळत नाही, ते फार चिवट असतं. आता आपल्या जेवणाच्या पंगतीकडे बघा. नऊ दिवस आजी म्हणतात, "हट, जा तिकडं." दहाव्या दिवशी घरातले टीव्हीकडे बघत असताना तुकडा ताटाखालून सरकतो. या एका तुकड्यानं आजींनी ताटाजवळ बसून टक लावण्याच्या सवयीला जे बळ दिलं, ते रोज देऊनही आलं नसतं. इकडे जे टिकवायचं, म्हणजे हाकेला येणं, फाटकात थांबणं, त्याला मात्र शिबिरातून आल्यापासून कुणी काही दिलेलं नसतं. "शिकलाय की आता, कशाला रोज रोज?" शहाणपण बिनपगारी आणि भीक मागणं सफल, असा व्यवहार दिसला की कुत्रं हुशार असलं तर काय निवडेल? सुरुवातीला प्रत्येक वेळी द्या, नखाएवढाच द्या, आणि जम बसला की मधूनमधून. पूर्ण बंद कधी करू नका.

मग एक दिवस घरात ठराव होतो, की आजपासून ताटातलं काही द्यायचं नाही. ठराव चांगला असतो. पण मिळायचं ते मिळेनासं झालं, की कुत्रा आधी दुप्पट जोरानं मागतो, मग सोडून देतो. हा मधला काळ ठराव करणाऱ्यांना माहीत नसतो. तिसऱ्या दिवशी तो भुंकतो, पायावर पंजे मारतो, आबांना बातम्या ऐकू येत नाहीत, आणि नेमक्या त्या क्षणी आजी म्हणतात, "घे बाबा, पण गप ऱ्हा." झालं. आता त्याला कळलं, की शांत बसून जे मिळत नाही ते भुंकून मिळतं. ठराव न करता सोडून दिलं असतं तर कुत्रा अर्धाच बिघडला असता.

आजींना थांबवता येत नाही, हे मान्य करूनच पुढे जावं. त्यांना द्यायला लावा, पण आपल्या वेळेला. जेवणं झाल्यावर त्याच्या ताटलीत, तो बसल्यावर, कोरड्या भाकरीचा तुकडा त्यांच्याच हातानं. आजींचा आनंद तोच राहतो. ठेचा, कांदा-लसणाचं कालवण नको. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि मनुका किडनीवर जातात. चॉकलेटही नको. रात्री बाहेरून आणलेला निलंगा राइसही त्याचा नाही, तो कितीही ओळखीनं बघत असला तरी.

तोंडी परीक्षा

चौकात बातमी पसरलेली असते. "शिकून आलंय म्हणं? काय काय येतंय त्याला?" आणि मग शेकहँड. सकाळी दूधवाला, दुपारी कुरियरवाला, संध्याकाळी शेजारचे काका, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांची पोरं. पंजा देऊन देऊन बिचारा दमतो, हातात काही पडत नाही, आणि आठवड्याभरात काकांनी हात पुढं केला की तो भिंतीकडे बघायला लागतो. काका म्हणतात, पैसे वाया गेले तुमचे.

पाहुण्यांसमोर खरी परीक्षा बेल वाजल्यावर असते. आपण दाराकडे धावता, कुत्रा आपल्या आधी धावतो. यासाठी घरातल्याच माणसानं बाहेर जाऊन बेल वाजवावी, दार उघडू नये, कुत्रा आपल्या चटईवर बसल्यावरच उघडावं, आणि हे पुन्हा पुन्हा करावं. शेजाऱ्यांना वाटेल, यांच्या घरात भांडण झालंय आणि कुणाला तरी बाहेर काढलंय. वाटू द्या.

उन्हाळ्याचं एका वाक्यात सांगतो: नांदेडला मे महिन्यात पारा 42 च्या वर असताना दुपारी सराव घेऊ नका, डांबरावर आपला तळहात टिकत नसेल तिथं त्याचा पंजाही टिकत नाही. रेबीजची लस दरवर्षी, हे तर शिकलेल्या आणि न शिकलेल्या दोघांनाही.

ऐच्छिक विषय : कारवान

आपला पाल्य कारवान किंवा पश्मी असेल तर हा विषय घ्यावा, बाकीच्यांनी सोडून दिला तरी चालेल. चाकूर तालुक्यातल्या जानवळचं नाव या कुत्र्यांसाठी घेतलं जातं. त्यांचा भाऊबंद मुधोळ 2005 साली टपाल तिकिटावर आला, आणि रॉकीचं नाव ज्या भाषणात आलं त्यातच मुधोळचंही आलं. ही जात डोळ्यानं शिकार करणारी. लांब पाय, बारीक कंबर, आणि क्षितिजावर ससा हलला की कान बंद. 'कम' हा शब्द त्याला येतो, पण ससा दिसेपर्यंत येतो. ही शिबिराची उणीव नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याला त्यासाठीच सांभाळलंय. मोकळ्या माळावर लांब दोरी ठेवा आणि कुंपण नीट करा. त्याला आज्ञाधारक लॅब्राडोर करायच्या भानगडीत पडू नका.

वार्षिक परीक्षा

ती मार्गशीर्षाच्या शेवटी येते आणि दोन केंद्रांवर एकाच वेळी असते. एक लातूरकडच्या शेतात येळवशीला, दुसरं लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत.

येळवशीला अमावास्येच्या दिवशी लातूर रिकामं होतं. कडब्याची कोप, आंबीलाचं मडकं, भज्जी, उंडे, आणि भावकीतली इतकी माणसं की त्यातली निम्मी टायगरला पहिल्यांदा बघतात. प्रत्येकाच्या हातात पत्रावळ असते आणि प्रत्येकाला वाटतं, आपण एकट्यानंच त्याला घास दिला. आदल्या आठवड्यात शेतात दोनदा नेऊन सराव घेतलेला असेल तरच त्याला तिथं न्या. नेलं तर पोट भरूनच न्या, आणि कोपीपासून लांब बाभळीच्या सावलीत त्याची चटई टाका. त्याच्याजवळ बसायची पाळी आळीपाळीनं लावा. ज्यांची पाळी असेल त्यांनी जेवणात लक्ष घालू नये. हे फार अवघड आहे.

माळेगावात खंडोबाच्या घोड्याइतकाच कुत्र्याचाही मान आहे. यात्रेत घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी बैल येतात आणि कुत्र्यांचं प्रदर्शनही भरतं. लोकांना वाटतं, आपला शिकलेला कुत्रा तिथं शोभून दिसेल. ढोल, भंडारा, अनोळखी जनावरांचा वास, तमाशाच्या फडाचे कर्णे, आणि पायाखाली कुणाची तरी अर्धी भजी. जन्मापासून यात्रेत वाढलेल्या कुत्र्यांना त्याचं काही वाटत नाही. शहरातल्या बंगल्यातून आलेल्यानं पहिल्या वर्षी लांबूनच दर्शन घ्यावं. जीभ बाहेर, शेपूट पायात, सारखी जांभई असं दिसलं की तो कंटाळलेला नसतो, घाबरलेला असतो; तिथून गाडीकडे वळा. प्रदर्शनातला नंबर पुढच्या वर्षी.

रिपीटर

नापास झाल्यावर पालक प्रशिक्षकाला फोन करून म्हणतात, पुन्हा एक महिना ठेवून घ्या. घेतील. तो पुन्हा उत्तीर्ण होईल, कारण तो तिथं कधी नापास झालाच नव्हता. त्याऐवजी प्रशिक्षकालाच आठवड्यातून एकदा घरी बोलवा. चावण्याचा, गुरगुरण्याचा प्रश्न असेल तर आधी पशुवैद्याला दाखवा; दुखत असलेला कुत्राही असाच वागतो. प्रशिक्षक येतील त्या तासाला टीव्ही बंद हवा आणि घरातली सगळी माणसं हजर हवीत. आबा, वहिनी, धाकटा, सगळे. आजी म्हणतील, माझं काय काम तिथं. त्यांना पुढची खुर्ची द्या, आणि पदराखाली काय आहे ते आधी बघून घ्या.