उसनी कुऱ्हाड

साठीच्या उंबरठ्यावर मनुष्याला ज्या व्याधी जडतात त्यांत मधुमेह, गुडघेदुखी आणि निसर्गाकडे परत जाण्याची इच्छा या तीन प्रमुख होत. आणि पहिल्या दोहोंवर वैद्यकशास्त्राने काही ना काही तोडगा काढला असला, तरी तिसरीचा उपद्रव रोग्यापेक्षा त्याच्या घरच्यांनाच अधिक होत असल्यामुळे तिच्या निवारणाकडे कोणी गंभीरपणे लक्ष दिल्याचे ऐकिवात नाही. अहमदपूरच्या तहसील कचेरीत उभा जन्म फेरफार, जमाबंदी आणि नकलांचे अर्ज यांत घालवून मी सेवानिवृत्त झालो, तेव्हा तालुक्यातील लोकांच्या जमिनींचे दफ्तर ज्याला तोंडपाठ, त्या माझ्या स्वतःच्या वडिलोपार्जित दोन एकरांचा बांध कोठून कोठे जातो, हे मात्र मला शेजारच्या शेतकऱ्याकडून समजून घ्यावे लागे. असा मनुष्य स्वावलंबनाच्या नादी लागला नाही तरच नवल.

पहिला हुकूम मी स्वयंपाकघरावर बजावला. यापुढे या घरात गिरणीचे पीठ, पिशवीतले तेल आणि दुकानातले औषध येणार नाही, असे मी जाहीर केले. आमच्या मंडळींनी तव्यावरची भाकरी उलटीत शांतपणे विचारले, "बरं. मग दळणार कोण?"

"गांधीजी स्वतः दळीत असत," मी म्हणालो.

"मग बसा की. मी कुठं धरून ठेवलंय?"

परसातले जाते कित्येक वर्षे तुळशीच्या कट्ट्यापुढे पायरीची चाकरी बजावीत होते. त्याला सन्मानपूर्वक सेवेत पुन्हा रुजू करून घेतले, मूठभर ज्वारीचा घास घातला आणि मी ते असे काही फिरविले की पाठीचा प्रत्येक मणका आपापली हजेरी स्वतंत्रपणे लावू लागला. परंतु पाळीभोवती जे जमा झाले ते पीठ नसून, किंचित गोंधळलेली, एरवी अक्षत अशी ज्वारीच होती. जात्याच्या तळ्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या; त्यांना टाकी लावून घेतल्यावाचून दाणा फुटणार नव्हता. टाकी लावणारी वडारीण पूर्वी दारावर हाळी देत येई. आता गिरण्यांमुळे तिचे काम सुटले आणि तिला शोधीत मला तिच्या वस्तीवर खेटे घालावे लागले. ती आली, अंगणात बसली, दगडाच्या पोटावर लोखंडी टाकीचे नेमके, सारख्या अंतराचे घाव घालीत गेली, आणि जाते पुन्हा खरखरीत झाल्यावर त्यावरून तळवा फिरवून म्हणाली, "दगूड चांगलाय मालक. खुंटा बदला." खुंट्यासाठी सुतार, सुताराच्या लाकडासाठी बाभूळ, आणि बाभळीसाठी ज्याच्या बांधावर ती उभी होती त्याची संमती. एवढा लवाजमा जमल्यावर माझ्या घरी स्वकष्टाचे पीठ पडू लागले.

प्रकृतीच्या बाबतीत मी मृत्तिकोपचाराचा आश्रय केला. १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात पोटावर मातीची पट्टी ठेवण्याची मोठी शिफारस आहे. आणि माती कशी असावी याचाही खुलासा आहे: गाळाची, मऊ, खरखरीत नाही की चिकट नाही, आणि खत घातलेल्या शेतातली तर मुळीच नाही. आता बालाघाटच्या या पठारावर परमेश्वराने जी माती मुक्तहस्ताने पसरली आहे ती काळीभोर, पावसात मळीसारखी चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी. शिवाय शेणखताचा स्पर्श न झालेला तुकडा शोधावा तर तो पडीक गायरानातच. तरीही स्थानिक संपत्तीवर विश्वास ठेवावा या तत्त्वाला अनुसरून गायरानातली माती आणविली, कालविली आणि पोटावर थापून मी ओसरीवर उताणा पडलो.

पहिली काही मिनिटे मोठ्या शांतीत गेली. मग माती वाळू लागली. आणि काळी माती वाळताना आकसते हे जे सत्य मी पंचनाम्यांत वारंवार वाचले होते ते आता मला उदराने उमगू लागले. कडा आत ओढू लागल्या, मध्ये एक भेग पडली, तिला फाटे फुटले, आणि ज्या ज्या केसावर मातीची मालकी बसली होती तो तो केस मुळापासून आपली कैफियत मांडू लागला. नेमक्या त्या वेळी शेजारचे शेतकरी पाटी टेकवून उभे राहिले.

"तात्या, काय करायलाव हे?"

"निसर्गोपचार."

"मग गाळाची माती घ्यायची की. काळीच्या भेगांत झाडाची मुळं तुटत्यात, तिथं तुमच्या पोटाची काय कथा!" असे म्हणून त्यांनी तांब्याभर कोमट पाणी मागितले आणि त्या सद्गृहस्थांनी व आमच्या मंडळींनी मिळून मला मोकळा केला. स्वतःच्या पोटावरची माती काढण्यासही दोन माणसे लागली.

तेलाचे प्रकरण त्या मानाने सोपे गेले. करडईचे तेल हा आमच्या भागाचा जुना थाट. पण आसपासच्या शिवारात पाहावे तो सोयाबीन, आणि करडई पेरली तरी तिच्या काट्यांशी दोन हात करण्यास कापणीचे मजूर लवकर राजी होत नाहीत. एका गावी थोडी करडई मिळाली, दुसऱ्या गावी लाकडी घाणा मिळाला, आणि घाण्यावरच्या मालकाशी गप्पा मारता मारता पेंड कोणाच्या म्हशीला द्यायची याचाही निकाल लागला.

स्वावलंबी पुरुष म्हणून जगाने ज्यांना मुजरा केला त्यांची चरित्रे मी या काळात सावकाश चाळली आणि माझ्या मनाला मोठा दिलासा मिळाला. अमेरिकेतील थोरो १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी एकट्याने राहण्यासाठी गेला, त्याच्या झोपडीखालची जमीन मित्र इमर्सन याची होती आणि लाकूड तोडण्याची कुऱ्हाड उसनी आणलेली होती. ही उसनवारी त्यानेच प्रांजळपणे नमूद केली असून, कुऱ्हाड घेतली त्याहून अधिक धारदार करून परत दिली, अशी ग्वाहीही दिली आहे. विनोबांनी १९५० मध्ये पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला, तो संपूर्ण आश्रमाला बरोबर घेऊन. पैशाला रजा दिली म्हणून सोबत्यांना कोणी रजा दिली नाही. आणि ज्या स्वयंपूर्ण खेड्याचे आपण गोडवे गातो, त्याचा गाडा सुतार, लोहार, कुंभार, चांभार अशा बलुतेदारांच्या खांद्यावर चाले, सुगीत त्यांचे बलुते खळ्यावरच मोजून द्यावे लागे. शिवाय मीठ म्हणाल तर ते समुद्रकाठाहून लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून यावे तेव्हा या पठारावरच्या भाजीला चव येई. फार लांब कशाला, २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या लातुराला पाणीसुद्धा मिरजेहून रेल्वेने आले. त्या गाडीपुढे हात जोडून उभे राहिलेल्या जिल्ह्याने स्वयंपूर्णतेच्या बढाया माराव्यात तरी किती!

एकमेकांवाचून कोणाचे भागत नाही हे तत्त्व आमच्या लोकांना पुस्तकावाचून अवगत आहे याची साक्ष वेळ अमावास्येला मिळते. आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी बाजारपेठ ओस पडते आणि सारी वस्ती शेतात जाते. कडब्याची कोप उभारतात, आत पाच पांडवांचे दगड मांडतात, आणि मग ओल्या तुरीची, हरभऱ्याची, चिंचेच्या कोळाची ती दाट भज्जी, बाजरीचे उंडे आणि लसणाच्या फोडणीची ताकातली ज्वारीची आंबील यांचा फडशा पडतो. हल्ली सोयाबीनवाल्यांना कोपेसाठी कडब्याच्या पेंढ्या मागून आणाव्या लागतात, पण त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला हाक मारतो, आणि ज्याला दोन आमंत्रणे आली तो दोन्हीकडे जेवतो. याहून नैसर्गिक, आरोग्यदायी आणि परावलंबी जीवन मी तरी पाहिले नाही.

माझी रक्तशर्करा, सांगण्यास आनंद वाटतो, लक्षणीय उतरली आहे. याचे श्रेय मी घरच्या पिठाला, मंडळी मात्र दुसऱ्याच कारणाला देतात. "पिठानं नाही काही," त्या परवा पाहुण्यांना सांगत होत्या, "वडारवस्ती, सुतार, घाणा, शेत. दिवसभर पायी हिंडतात कुणाकुणाकडं काय काय मागत. साखर राहील कशी अंगात?" हे निदान मी, वरिष्ठांचा शेरा समजून, विनातक्रार मान्य केले आहे आणि त्याबरहुकूम अंमलबजावणीही सुरू ठेवली आहे. घरात सर्पण फोडण्यास एक कुऱ्हाड हवी आहे. ती विकत घेण्याइतकी ऐपत पेन्शनीत आहे, परंतु चांगल्या धारेची एक कुऱ्हाड गावाच्या पार पलीकडच्या टोकाला एका गृहस्थांकडे असल्याचे कळते, आणि ते गृहस्थ दर खेपेस चहा पाजल्याशिवाय, तोही बिनसाखरेचा, सोडीत नाहीत.