पंचनामा

डांबरी रस्ता दिसला की ज्याच्या मुद्रेवर खेद पसरतो, असा एक गृहस्थ आपल्याही परिचयात असेलच. आमचे आबासाहेब त्याच गोत्राचे. खेडहून खोपीमार्गे रघुवीर घाट चढून शिंदी गाठली की सर्वसामान्य मनुष्याची हौस फिटते. आबासाहेबांच्या मते मात्र प्रवासाचा प्रारंभच शिंदीच्या पुढे, कांदाटी खोऱ्यात, जेथे कारवीच्या रानातली कच्ची वाट स्वतःला वाट म्हणवून घ्यायला कचरते, तेथे होतो.

खड्डा दृष्टीस पडताच जीप थांबवावयाची, उकिडवे बसून काठीने चिखलाची खोली मोजावयाची, चाकोरीतला धोंडा टाचेने हलवून पाहावयाचा आणि मामलेदाराच्या हुकमाने पंचनामा चालल्याच्या गांभीर्याने आम्हां प्रवाशांना पंच म्हणून पाचारण करून अखेर ‘जाईल!’ असा निकाल द्यावयाचा, हा त्यांचा शिरस्ता. निकाल कधीच फिरला नाही. जीप मात्र पुष्कळदा फिरली.

ओढा लागला की पंचनामा सविस्तर होई. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ते पलीकडच्या काठापर्यंत जाऊन येत; पंख्याने उडवलेल्या पाण्याने इंजिन बंद पडू नये म्हणून त्याचा पट्टा काढीत; चाकांची पकड वाढावी म्हणून हवा सोडीत. एवढ्यात एखादा गुराखी म्हशी हाकीत तोच ओढा ओलांडून दिसेनासाही होई. पण या पुराव्याची नोंद दप्तरी होत नसे.

एका पावसाळी रात्री मुक्कामाच्या घरची म्हातारी पोटदुखीने तळमळू लागली. तापोळ्याकडे जावे तर मध्ये शिवसागराचे पाणी, आणि रात्री लाँच नाही. आबासाहेबांनी तिला उचलून पुढच्या आसनावर बसवले, लहान गिअर टाकला आणि निसरड्या उतारांवर ब्रेकला पायही न लावता, केवळ इंजिनाच्या धाकावर गाडी हाकली. प्रत्येक खड्ड्यापाशी आम्ही सवयीने उतरण्याच्या तयारीत राहिलो. पण खेडच्या दवाखान्यापर्यंत पंचांची गरज कोणाला भासली नाही.

म्हातारी बरी झाली. त्या वाटेवरील यच्चयावत खड्ड्यांची हकिगत आम्हांला तोंडपाठ करवणाऱ्या आबासाहेबांनी त्या रात्रीविषयी आजतागायत कोणापाशी चकार शब्द काढलेला नाही.