कोंबडीवाले काकाजी

ऊन हे नागपूरकराच्या घरचं. थंडी मात्र पाहुणी. चार दिवस येते आणि सगळ्या शहराला कामाला लावते. कानटोप्या निघतात, चौकात शेकोट्या पेटतात, आणि मानेवाडा-दिघोरीकडे ज्या ज्या घरामागे दोन हात मोकळी जागा आहे, तिथे एक कोंबडीवाले काकाजी जागे होतात.

काकाजी सरकारी खात्यातून निवृत्त. फायली गेल्या, कोंबड्या आल्या. हजेरी तीच राहिली. दिवेलागणीला एकेक पक्षी मोजून आत घेतल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. मुंगूस आणि बोका हे दोन अर्जदार दाराशी ताटकळतात, पण जाळीला दुहेरी कडी आहे. या बाबतीत काकाजी खरोखरच हुशार.

थंडीच्या बाबतीत मात्र त्यांचा तोल जातो. हवामान खात्याच्या आकड्यावर त्यांचा भरवसा नाही. "सोनेगावचा पारा सोनेगावाले लखलाभ!" खुराड्याच्या खिळ्याला त्यांचा स्वतःचा थर्मामीटर टांगलेला असतो. कोणी हसलंच, तर दाखला तयार : "२९ डिसेंबर २०१८ ले साडेतीनवर आला होता पारा, माहीत आहे काय?" तेव्हा काकाजींकडे एकही कोंबडी नव्हती. पण असती तर, या विचारानं ते आजही कुडकुडतात.

खुराडं म्हणजे जुना कूलर. पंखा, मोटर, वाळ्याच्या ताट्या काढल्या, आत बसायला आडवा बांबू टाकला की झालं. पत्र्याच्या पट्ट्यांतून हवा खेळती राहते, त्यामुळे घर उत्तम. पण डिसेंबर लागला की काकाजी एकेक पट्टी बुजवतात. आधी पोती, मग ताडपत्री, वरून काकूंची गोधडी. रात्रभर विष्ठेचा वास आतच कोंडतो. सकाळी दार उघडलं की काकाजींचेच डोळे चुरचुरतात आणि ते म्हणतात, "बघा, थंडीनं सर्दी झाली बिचाऱ्यांले."

शेजारचा पोट्टा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. तो एकदा समजवायला आला. "काकाजी, थंडीनं नाही, कोंडल्यानं आजारी पडून राहिल्या ह्या. पिसं फुगवून बसते कोंबडी, तिचं आंगच ४१ अंशाचं असते. वरच्या पट्ट्या मोकळ्या करा, वारा आंगावर येऊ देऊ नका, खालचं तूस कोरडं ठेवा. संध्याकाळी मका टाका, रात्रभर ऊब राहते. झालं!"

एवढ्यातून काकाजींनी एकच आकडा उचलला. "४१? म्हणजे ताप येऊन राहिला ना बे तिले!" आणि तापाच्या गोळीचा पाव भाग करायला ते आत गेले. काकूंनी पाकीट लपवलं म्हणून कोंबड्या वाचल्या.

पुढं अमेरिकेतल्या भाच्यानं फोनवर सांगितलं की तिकडं लोक कोंबड्याच्या तुऱ्याला व्हॅसलीन चोळतात, नाहीतर तुरा गोठून काळा पडतो. तिकडं पारा शून्याच्या पार खाली जातो, हे सांगेपर्यंत काकाजींनी फोन ठेवला होता. व्हॅसलीनऐवजी खोबरेल घेतलं, तेही थिजलेलं. मग डबी उन्हात ठेवणं, कोंबड्याला काखेत दाबणं, बोटानं तेल लावणं. तुरा चकाकला. त्या तेलावर अंगणातली सगळी धूळ येऊन बसली आणि कोंबडा दिवसभर भिंतीला डोकं घासत फिरला.

एक काम मात्र त्यांच्याकडून नकळत बरोबर होतं. पिल्लांना ऊब म्हणून लावलेला बल्ब पहिल्या आठवड्यात खरंच हवा असतो. ३२ ते ३५ अंशांखाली पिल्लं एकमेकांवर चढून चिरडली जातात. पिल्लं मोठी झाली तरी काकाजी तो काढत नाहीत. अंधार लवकर पडतो म्हणून गल्लीतल्या इतर कोंबड्या अंडी देणं कमी करतात. यांच्या मात्र उजेडाला भुलून देत राहतात. काकाजी सगळ्यांना सांगतात, "गोधडीचा गुण आहे!" काकू तिकडे पातळ शालीत पाय आखडून झोपतात. त्यांच्या पायांचं तापमान मोजायला खिळा नाही.

खरं तर नागपूरची थंडी कोंबडीला मानवते. तिला मारतो तो मे महिना. चोच उघडून, पंख सोडून ती धापा टाकते आणि पंचेचाळिसाच्या दुपारी आडवी होते. हे मात्र काकाजींनी एका उन्हाळ्यात डोळ्यानं पाहिलंय. म्हणून यंदा मार्चमध्ये त्यांनी नवाकोरा कूलर आणला. काकूंनी हौसेनं बैठकीची खिडकी पुसून ठेवली. संध्याकाळी काकाजी टेप घेऊन कूलर मोजत होते, आणि माप घ्यायला मागच्या अंगणात जाऊन येत होते.