दहा बाय बाराची चारबाग

सिडकोतल्या रो-हाउसच्या पुढ्यात जी मोकळी जागा असते, तिला नकाशात ‘फ्रंट मार्जिन’ म्हणतात. माझ्या लेखी ती बाग आहे, बायकोच्या लेखी पाण्याचे ड्रम ठेवायची जागा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या लेखी स्कूटर लावायची. दहा फूट रुंद, बारा फूट लांब. गेट आत उघडतं, तेवढी जागा वजा केली की उरलेल्यात तुळशीवृंदावनसुद्धा अंग चोरून उभं असतं.

लहान बाग मोठी कशी दाखवावी, हे शिकायला संभाजीनगरच्या माणसाला लांब जायला नको. बेगमपुऱ्यात बीबी का मकबरा आहे. सतराव्या शतकात औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने आईसाठी, म्हणजे दिलरस बानू बेगमसाठी, तो बांधला आणि तेव्हापासून बिचाऱ्याच्या नशिबी एकच शेरा आला : ताजमहालासारखा आहे, पण लहान. पाहुण्याला घेऊन जा, तिकीट आपण काढा, हा शेरा तो फुकट देतो. मला मात्र मकबरा बजेटात काम भागवणाऱ्या समस्त मध्यमवर्गाचं श्रद्धास्थान वाटतो. संगमरवर कुठे, तर खाली कमरेइतका आणि वर घुमटाला. म्हणजे नजर जिथे जाते तिथे. मधल्या भागात आपला इथलाच काळा दगड आणि त्यावर गुळगुळीत गिलावा. आमच्या कंत्राटदारानेही हेच केलं होतं, पण त्याला कोणी स्थापत्य म्हटलं नाही.

खरी करामत बागेची आहे, म्हणजे मुघलांच्या चार भागांच्या चारबागेची. आवार सुमारे 458 बाय 275 मीटरचं, पण बाहेरून बागेतलं काही म्हणजे काही दिसत नाही. दक्षिणेच्या दरवाजाच्या कमानीत शिरलं की एकदम समोर सगळं. मधोमध पाण्याचा सरळ पाट, त्यात कारंजी, दोन्ही बाजूंना पायवाटा आणि पायवाटांना जाळीच्या बुटक्या भिंती. नजर पाटाबरोबर धावत सुटते, डावीउजवीकडे मोजमाप घ्यायला तिला सवडच मिळत नाही. आणि पाठीमागे डोंगर. ते आझमशहाने बांधलेले नाहीत, त्यांचं बिलही त्याला आलं नाही, पण चित्रात ते त्याचेच.

मीही आमच्या दहा बाय बारात हा मकबरा उतरवायला घेतला. पहिली अडचण पाटाची. पैठणला नाथसागर तुडुंब भरला तरी आमच्या गल्लीत नळ त्याच्या मनाला येईल तेव्हाच येतो. त्यामुळे बागेतला एकमेव जलाशय म्हणजे दोनशे लिटरचा निळा ड्रम. त्यात कारंजं सोडावं असं मी सुचवलं, तेव्हा बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते पाहून मी पाण्याचा विषय कोरडाच सोडला.

मग पानांचं शास्त्र. मोठ्या पानांची झाडं पुढे लावायची, बारीक पानांची मागे. डोळ्याला वाटतं, मागची झाडं लांब आहेत. भडक रंग जवळ, फिके रंग दूर. म्हणून अळू आणि कर्दळ गेटपाशी, मागे तगर आणि मेंदी, आणि लाल जास्वंद अगदी पुढे. हे सगळं बरोबर होतं, फक्त ‘मॉर्निंग वॉक’ या संस्थेचा त्यात विचार नव्हता. पहाटे हातात पिशवी घेऊन फिरणारे भक्त कंपाउंडवरून हात घालून देवासाठी फुलं नेतात. देवासाठी असल्यामुळे ती चोरी ठरत नाही. शेवटी जास्वंद भिंतीच्या कोपऱ्यात गेली. भडक रंग आता मागे आहे आणि त्यामुळे बाग जशी आहे त्याहूनही लहान दिसते.

पायवाट मात्र जमली. गेटपासून पायरीपर्यंत सरळ गेलं तर बारा फूट. शहाबादी फरशीचे तुकडे तिरके, कोपऱ्यातून कोपऱ्यात टाकले की साडेपंधरा. शाळेतल्या भूमितीने आयुष्यात पहिल्यांदा साडेतीन फूट नफा मिळवून दिला. सिलिंडरवाला अजूनही सरळ हिरवळीतून येतो, पण त्याच्या खांद्यावर वजन असतं, त्याला काही बोलता येत नाही.

आरशाचीही एक युक्ती आहे. भिंतीला आरसा, त्यावर वेल सोडायची, बाग दुप्पट. मी खिळा ठोकत असताना शेजारचे काका कंपाउंडवर हात टेकून म्हणाले, “काय साहेब, दाढी आता बाहेरच करायलेत का?” ते तरी एकदाच बोलले. आरशातल्या बुलबुलाशी खऱ्या बुलबुलाचं जे हाडवैर जमलं, ते सकाळपासून दुपारपर्यंत टकटक चालायचं. आरसा आता बाथरूममध्ये आहे आणि बाथरूम दुप्पट दिसतं.

सगळ्यात उपयोगी पडले ते जपानी लोक. त्यांच्याकडे दूरचा देखावा उसना घेऊन आपल्या बागेत बसवण्याची जुनी रीत आहे. क्योतोमधल्या एन्त्सूजी मंदिराच्या बागेत तर चक्क हिएई पर्वत घेतलाय. युक्ती अशी, की बाग आणि पर्वत यांच्या मधलं जे काही बघण्यासारखं नाही, ते कुंपणाच्या झुडपांनी झाकायचं. नजर कुंपणावरून थेट पर्वतावर. आता उसनं मागण्याच्या बाबतीत आपण जपान्यांना हार जाणार आहोत का? आमच्याकडे विरजणापासून शिडीपर्यंत सगळं भिंतीवरून येतं-जातं. मी काकांचा कडुनिंब घेतला.

झाड त्यांच्या अंगणात, चांगलं दुमजली उंच. मधे न बघण्यासारखं म्हणजे त्यांची कपड्यांची दोरी, पाण्याची काळी टाकी आणि टीव्हीची छत्री. सामाईक भिंतीवर मधुमालती चढवली. दोन पावसाळ्यांत भिंत गेली, दोरी गेली, टाकी गेली. आमची बाग कुठे संपते ते आता कळत नाही. तगरीमागे मधुमालती, मधुमालतीमागे कडुनिंब, त्यामागे आभाळ. नवा माणूस विचारतो, “मागेपण तुमचंच आहे का?” मी नुसता हसतो.

उसनवारीला व्याज असतंच. फाल्गुनात कडुनिंबाची सगळी पानं आमच्याकडे गळतात. फांदी आमच्या बाजूला म्हणून पाडव्याच्या सकाळी अख्खी गल्ली डहाळीसाठी आमचीच बेल वाजवते. हे सगळं मी सोसतो. पण परवा काका म्हणाले, “हे झाड काढून टाकावं म्हणतो. गाडीसाठी पत्र्याचं शेड टाकायचंय.”

“अहो काका, असं कसं?”

“तुमचं काय जायलंय? झाड माझं.”

माझी निम्मी बाग जात होती, पण ते सांगितलं असतं तर त्यांनी भाडं मागितलं असतं. मी कायद्यावर आलो. शहरातलं झाड तोडायला महाराष्ट्रात 1975 च्या कायद्याने परवानगी लागते, मग ते स्वतःच्या अंगणातलं का असेना. काका “असं का” म्हणून आत गेले. शेडचा विषय तूर्त थांबलाय, मिटलेला नाही.

म्हणून एक विनंती. बाग पाहायला चैत्रात या, तेव्हा कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी असते. गेटच्या उजव्या अंगाला उभे राहा, तिथूनच बाग मोठी दिसते. आणि निघताना काकांच्या दारावरून जा, घटकाभर थांबा आणि झाड काय सुरेख आहे हो, असं त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणा.